वकिलाची फी आणि आपली घासाघीस

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की आम्ही मागच्या खोलीत टेबल मांडून बसतो. कोणाला जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून हवा असतो, कोणाच्या रेशनकार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते, कोणाच्या हातात कोर्टाचे समन्स असते. आमची नोकरी कारकुनाची, शिक्षण बी. कॉम. कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. पण कागद वाचून तो कशाचा आहे एवढे सांगता येते आणि माणसाला योग्य वकिलाकडे पाठवता येते. हे काम आम्ही बरीच वर्षे करत आहोत आणि ते चांगले करतो असा आमचा समज होता.

2025 च्या जानेवारीत एका रविवारी आमच्याच वस्तीतले एक तरुण वकील त्या टेबलाशी येऊन बसले. हा मुलगा आम्ही विहारातल्या अभ्यासिकेत कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली पुस्तक वाचताना पाहिलेला. त्याला सनद मिळाली तेव्हा मंडळाने फळ्यावर अभिनंदन लिहिले होते. 6 डिसेंबरला आमच्या पाणीवाटपाच्या टेबलाशेजारी बसून तो लोकांना फुकट सल्ला देतो. तो म्हणाला, "काका, कोर्ट सोडतोय. एका फायनान्स कंपनीत वसुलीच्या नोटिसा काढायचे काम मिळतेय. पगार निदान महिन्याच्या महिन्याला होईल."

आम्ही कारण विचारले. त्याने बॅगेतून एक वही काढून पुढे सरकवली. अशिलांची नावे, ठरलेली फी, आलेली फी, बाकी. पान उलटत गेलो तसे आमचे तोंड उतरत गेले. त्यातली निम्मी नावे आम्हीच पाठवलेली होती. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वेळी, "आपलाच माणूस आहे, जरा कमी घे," असे आम्हीच सांगितले होते.

पहिल्याच पानावर मामांचे नाव होते. मामा महापालिकेच्या घनकचरा खात्यात नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. 2021 साली घरमालकाने त्यांच्यावर खोली खाली करण्याचा दावा लावला. वकिलाने पूर्ण दाव्याची फी पंधरा हजार सांगितली. मामा म्हणाले, "एवढे? तू माझ्या मांडीवर खेळलेला!" आम्ही मध्ये पडलो आणि नऊ हजारांवर तोडले. दोघांनी मान हलवली. आम्ही खूश होऊन घरी आलो आणि बायकोला सांगितले की आज एका गरिबाचे सहा हजार वाचवले.

मामांनी त्यापैकी चार हजार दिले. लेखी कैफियतीचे टायपिंग, झेरॉक्स, नोटरी यांत बाराशेच्या आसपास गेले. राहिले अठ्ठावीसशे. जानेवारीपर्यंत त्या दाव्याच्या एकतीस तारखा झाल्या होत्या. हिशेब करणे हा आमचा धंदाच आहे, म्हणून तिथेच वहीच्या कोपऱ्यात भागाकार केला. एका तारखेचे नव्वद रुपये. त्यात लोकलचा पास आला, कोर्टाच्या आवारातला वडापाव आला, दुपारपर्यंत पुकारा होण्याची वाट पाहणे आले आणि वर काळा कोट इस्त्री करून घालणे आले. आमच्या नाक्यावरचा प्लंबर नळाचा वायसर बदलायला तीनशे घेतो. त्याच्याशी मामा कधी घासाघीस करत नाहीत, कारण तो पाना उचलून निघून जातो.

हे वाचून कोणी म्हणेल की तुम्ही वकिलांची बाजू घेता. थांबा, दुसरी बाजूही आमच्या टेबलावर आलेली आहे.

एका ताईंचा नवरा 2016 साली टेम्पोच्या अपघातात गेला. पदरात दोन मुले. बाहेरचे एक वकील इस्पितळातच येऊन भेटले. म्हणाले, एक पैसा देऊ नका, नुकसानभरपाई मिळाली की तिच्यातले पंचवीस टक्के माझे. ताईंनी विनवण्या करून ते वीसवर आणले. स्टँपपेपरवर सही झाली, कोरे चेक दिले. 2022 साली व्याज धरून अकरा लाख मंजूर झाले. न्यायाधिकरणाने पाच लाख मुलांच्या नावे बँकेत ठेवायला लावले, सहा लाख ताईंच्या खात्यात आले. दुसऱ्याच आठवड्यात त्यातले दोन लाख वीस हजार वकिलाच्या खात्यात गेले. ताईंची तक्रार काहीच नव्हती. उलट, पंचवीसचे वीस केले, पंचावन्न हजार वाचवले, असे त्या आम्हाला अभिमानाने सांगत होत्या.

अशी टक्केवारीची फी आपल्या देशात वकिलाला घेताच येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत हे स्पष्ट आहे. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही. 5 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. तिथेही अपघातात नवरा गमावलेली बाईच होती. भरपाईच्या टक्क्यांवर ठरवलेल्या फीसाठी तिच्याकडून चेक घेतला होता, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केली होती. न्यायालयाने ती रद्द केली आणि वकिलांच्या फीबाबत सरकारने कायदा करण्याचा विचार करावा असेही सुचवले.

मग तरी लोक टक्केवारीला का तयार होतात? कारण आज खिशात पाच हजार नसतात आणि उद्याच्या अकरा लाखांतले दोन लाख डोळ्यांना दिसत नाहीत. त्या वकिलाने पाच-सहा वर्षे स्वतःच्या खिशातून खर्च केला हेही खरे. त्याच्या मेहनतीला मोल नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या पैशावर दोन पोरांचे शिक्षण व्हायचे, त्यातला पाचवा हिस्सा एका सहीने जातो हे आम्हाला पटत नाही. आमच्या मुलाला तारखेला नव्वद रुपये आणि त्या गृहस्थांना दोन लाख वीस हजार. पहिल्याला आम्ही "अरे" म्हणतो, दुसऱ्याला "साहेब". घासाघीस कोणाशी करायची आणि कोणापुढे हात जोडायचे याचा आपल्या समाजाचा हिशेब असा उलटा आहे.

वास्तविक हा प्रश्न आपल्याला नवा नसावा. बाबासाहेब 1923 साली मुंबई हायकोर्टात वकिलीला उभे राहिले तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसे त्यांच्याकडे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचे कार्यालय होते. जगातल्या नामांकित विद्यापीठांतून शिकून आलेला बॅरिस्टर, पण अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर काम देत नसत, आणि जे आपले लोक विश्वासाने येत ते गिरणी कामगार, झाडूवाले, गावाकडचे महार. त्यांच्याकडे द्यायला काय असणार? म्हणून बाबासाहेबांनी 1925 पासून 1928 पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला आणि पुढे सरकारी लॉ कॉलेजात नोकरी धरली. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, तोच व्यापारी कायदा पास होण्यापुरता वाचून विसरलो. त्यात पहिल्या काही पानांतच शिकवतात की मोबदल्याशिवाय करार होत नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा पाहा. 12 डिसेंबर 1927 रोजी सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. खालच्या कोर्टाचा निकाल 1931 साली लागला, ठाण्याचे अपील 1933 साली फेटाळले गेले आणि हायकोर्टाचा शेवटचा निकाल 17 मार्च 1937 रोजी आला. सव्वानऊ वर्षे. पाण्याचा हक्क सत्याग्रहाने सांगितला गेला, पण तो कागदावर टिकवायला तारखांमागून तारखा कोणाला तरी उभे राहावे लागले. आपण दर 20 मार्चला महाडला जातो. त्या एकेका तारखेमागे कोणाचे किती कष्ट होते हे मात्र आपल्या बोलण्यात येत नाही.

1956 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करून कायदा शिकलेले कितीतरी आपले लोक आहेत. त्यांतले कोर्टात टिकले किती? आमच्या ओळखीच्यांपैकी बरेच बँकेत, मंत्रालयात, विम्यात गेले. पहिली तीन-चार वर्षे सिनियरच्या हाताखाली काढायची, तिथे मिळते ते प्रवासाला पुरत नाही. ज्याच्या बापाचे ऑफिस आहे त्याला ही वर्षे जड जात नाहीत. ज्याचा बाप गोदीत हमाल होता त्याच्या घरात तीन-चार वर्षे हा फार मोठा काळ असतो.

आमची बायको या सगळ्यात कमी बोलते. वहीचा प्रकार सांगितल्यावर तिने एकच विचारले, "तुमच्या ऑफिसात साहेब म्हणाला की ओव्हरटाइम अर्धाच घ्या, आपलेच ऑफिस आहे, तर घ्याल का?" आम्ही चहा पिऊन बाहेर पडलो.

घासाघीस करणारा माणूस लबाड असतो असे नाही. त्याला भीती असते. फीमध्ये काय काय येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. भाजीची जुडी हातात धरून पाहता येते, वकिलाचे काम दिसत नाही. अशील कोर्टात येतो, वकील उठून दोन वाक्ये बोलतात, पुढची तारीख मिळते, आणि अशिलाला वाटते की या दोन वाक्यांचे हजार रुपये? आदल्या रात्री पाच तास कागद वाचलेले त्याला दिसत नाहीत. आणि काही वेळा वाचलेले नसतातच, हेही आम्ही पाहिलेले आहे.

म्हणून आता आम्ही वकिलाकडे पाठवताना अशिलाला आधी फी आणि खर्च यांतला फरक सांगतो. कोर्ट फी स्टँप, टायपिंग, झेरॉक्स, नकला, समन्सचा खर्च हा वेगळा. वकिलाची मेहनत वेगळी. दोन्ही एकाच आकड्यात सांगितले की भांडण ठरलेले. मग फी कशी द्यायची ते. तारखेवारी फी ठरवली तर तारखा वाढतात तसा अशील खचतो, आणि वकील तारखा मुद्दाम वाढवतात असा संशय धरतो. सगळी रक्कम सुरुवातीला दिली तर कधी कधी वकिलाचा उत्साह ओसरतो. सगळी शेवटी म्हटली तर मामांसारखे होते. आमच्या मते टप्प्यांनी देणे बरे. वकीलपत्र देताना काही, पुरावा सुरू झाला की काही, युक्तिवादाच्या आधी उरलेले. एका साध्या कागदावर हे लिहावे, दोघांनी सही करावी आणि प्रत्येक वेळी पावती मागावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. आम्ही विहाराच्या अकरा रुपये वर्गणीचीही पावती देतो.

तारीख विचारायला कारकुनाला चहापाणी देण्याची आता गरज राहिलेली नाही. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा क्रमांक टाकला की पुढची तारीख फुकट दिसते. घरातल्या शिकत्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल.

फीवरून वाद झाला आणि वकील कागद अडवून बसला तर? सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरवून दिले आहे की फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाचे कागद ठेवून घेता येत नाहीत. याचा अर्थ फी बुडते असा नाही, ती वसूल करायला वकिलाला कायद्याचा मार्ग खुला आहे. वकिलाने गैरवर्तन केले तर तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. ग्राहक मंचाकडे मात्र जाता येत नाही, वकिलाची सेवा त्या कायद्याखाली येत नाही असा निकाल 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि जे आम्ही स्वतः मामांना वेळेवर सांगितले नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे आणि तिच्यात पहिलेच नाव अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचे आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे, म्हणून ज्याच्याकडे तसा दाखला आहे त्याला हा हक्क आहे. कोणत्याही जातीच्या स्त्रीला आहे, कारखान्यातल्या कामगाराला आहे, तुरुंगात असलेल्याला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च सरकार देते. नेमलेल्या वकिलाने अशिलाकडे पैसे मागायचे नाहीत, मागितले तर त्याच कार्यालयात तक्रार करायची. अपघाताच्या त्या ताईंना 2016 मध्ये हे कोणी सांगितले असते तर? त्या आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

अत्याचाराच्या प्रकरणात तर सरकारी वकील असतातच. शिवाय 1995 च्या नियमांप्रमाणे पीडिताने इच्छा दाखवली तर जिल्हाधिकारी नामवंत वकील नेमू शकतात आणि त्याची फी सरकार भरते. यासाठी वस्तीत वर्गणी काढण्याआधी लेखी अर्ज द्यावा. पोटगी, घटस्फोट, घरातला छळ, वैवाहिक संबंधांतून आलेला मालमत्तेचा वाद अशा कामांत महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 1994 पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. म्हणून एखाद्या भगिनीकडून कोणी या कामात कोर्ट फीच्या नावाखाली पैसे मागितले तर कशाचे, असे सरळ विचारावे.

हे सगळे आम्ही मामांना फेब्रुवारीत सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली. "फुकटचा वकील नको. फुकटच्या औषधाने गुण येत नाही." आम्ही म्हणालो, "मामा, गेली साडेतीन वर्षे तुम्ही जवळजवळ फुकटचाच वापरताय." मामी आतून हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नात डीजेवाल्याला पंचवीस हजार रोख, आदल्या दिवशी, मोजून दिले होते, ही आठवण मामींनी काढली. मामा म्हणाले, "तो वाजवला नसता."

खरे कारण मग हळूहळू बाहेर आले. निवृत्तीची रक्कम मुलीच्या बाळंतपणात आणि गावच्या घराच्या पत्र्यांत गेली होती. पैसे नाहीत हे आपल्याच वस्तीतल्या पोरापुढे बोलायची लाज वाटत होती. परक्यापुढे गरिबी सांगता येते, ओळखीच्यापुढे सांगता येत नाही. म्हणून "मांडीवर खेळलेला" हे पालुपद. आम्ही इतकी वर्षे मध्यस्थी केली, पण हे एकदाही विचारले नव्हते. आकडा तोडून दिला की आमचे काम झाले असे आम्ही धरून चाललो होतो.

वकिलाने कोर्ट पूर्ण सोडलेले नाही. आठवड्यातून चार दिवस तो त्या कंपनीत जातो, दोन दिवस कोर्टात. जुनी कामे दुसऱ्याकडे द्यायला त्याचे मन धजत नाही. आम्ही त्याला आता "वकीलसाहेब" म्हणतो. सुरुवातीला तो ओशाळला, आता सवय झाली आहे. वस्तीतले आणखी दोघे-तिघे तसे म्हणू लागले आहेत. आम्ही विहारात फी तोडून देण्याचे बंद केले. जो येईल त्याला आधी विधी सेवेचा अर्ज भरून देतो, ज्याला स्वतःचा वकील हवा त्याला टप्प्यांचा कागद करून देतो.

मार्चमधल्या तारखेला आम्ही अर्धी रजा टाकून मामांबरोबर गेलो. घरमालकाची उलटतपासणी होती. पोराने पाऊण तास प्रश्न विचारले. भाडे नाकारून परत केलेल्या मनिऑर्डरीच्या जुन्या पावत्या त्याने एकेक करून पुढे ठेवल्या. मामांनी त्या पावत्या कधीच्या एका डब्यात घालून ठेवल्या होत्या आणि विसरूनही गेले होते. त्या शोधून, तारखेवार लावून, त्यांची यादी करायला त्याला दोन रविवार लागले होते. मामा पहिल्यांदाच बाकावर ताठ बसून ऐकत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाचशेच्या चार नोटा काढल्या. वकीलसाहेबांनी पावती लिहून दिली. मामांनी ती दोनदा वाचली, रेशनकार्ड आणि दाखला ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवली आणि विचारले, "म्हणजे आता राहिले तीन?"

"तीन हजार, मामा. पुढची तारीख अठरा."

"अठराला पगार नसतो कोणाचा," मामा म्हणाले. "एकवीसला देतो."